डिटेक्टर उपटायच्या आधी हे वाचा

घोडबंदर रोडला राहणाऱ्या आमच्या काकांनी परवा स्टुलावर चढून छताचा स्मोक डिटेक्टर उपटला आणि पेपरात गुंडाळून बाल्कनीत ठेवला. का, तर व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला: "शास्त्रज्ञ लॅबमध्ये जड मूलद्रव्यं बनवतात, ती सेकंदभरही टिकत नाहीत, उपयोग शून्य. त्यातलंच अमेरिशियम, म्हणजे अणुबॉम्बचा माल, तुमच्या डिटेक्टरमध्ये आहे, फेकून द्या. आणि कॅलिफोर्नियमचा काळा दगड सापडला तर कोट्यधीश व्हाल."

उपयोग शून्य, पण घराघरात आहे! पाठवणाऱ्याने स्वतः तरी वाचलं होतं का?

आधी डिटेक्टर, कारण यात खरंच जीव जाऊ शकतो, किरणांनी नाही, आगीने. अमेरिशियम किरणोत्सारी आहे आणि अणुभट्टीत प्लुटोनियमपासूनच बनतं, एवढं मान्य. पण डिटेक्टरमध्ये ते एक मायक्रोग्रॅमसुद्धा नसतं, आणि त्याचे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातात, साधा कागदही त्यांना अडवतो. हे कण आतल्या हवेत विद्युतभार तयार करतात म्हणून बारीकसा करंट वाहत राहतो, धूर शिरला की तो करंट पडतो आणि अलार्म वाजतो, बस. शिवाय आजकाल बसवतात ते बरेचसे डिटेक्टर प्रकाशावर चालतात, त्यात अमेरिशियम नसतंच, मागचं लेबल बघा ना जरा. असलंच तर ते फोडू नका, भंगारवाल्याला देऊ नका, कंपनीला परत करा.

'सेकंदभर टिकत नाहीत' हे ११८ नंबरच्या ओगानेसॉनबद्दल बरोबर आहे, ते मिलिसेकंदही धड राहत नाही. ते विकायला बनवलेलंच नाही, अणुकेंद्रक किती मोठं होऊ शकतं आणि पुढे कुठे जास्त टिकणारी मूलद्रव्यं सापडतात का, ते बघायला बनवलं. पण डिटेक्टरमधल्या अमेरिशियम-२४१ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, ४३२ वर्षं आहे. प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर १९७७ साली सुटलेली व्हॉयेजर अवकाशयानं इतकी वर्षं चालली. आणि बोन स्कॅनला टोचतात ते टेक्नेशियम, जड नाही पण माणसानेच बनवलेलं पहिलं मूलद्रव्य, त्याची औषधं तर आपल्या वाशीच्या ब्रिट या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेतून जातात.

राहिला काळा दगड. कॅलिफोर्नियम खाणीत मिळत नाही हो. कॅलिफोर्नियम-२५२ अमेरिकेत ओक रिज आणि रशियात दिमित्रोव्हग्राद इथे अणुभट्टीत बनतं, तेही मिलिग्रॅमच्या हिशेबात. अणुभट्टी सुरू करायला आणि तेलाच्या विहिरी तपासायला ते वापरतात. ओक रिजच्या प्रयोगशाळेचाच आकडा आहे, एक मायक्रोग्रॅममधून सेकंदाला साधारण २३ लाख न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्याचा दगड कुणी खिशात घालून विकायला आला असता तर सौदा ठरेपर्यंत उभा राहिला नसता.