इस्कुटर गावभर

ऑफिसात डबा खाता खाता मी एकदा सहज बोलून गेलो की आमच्या घरी एक इटालियन गाडी आहे, आणि तिथूनच साडेसाती लागली. इटालियन म्हटल्याबरोबर आमच्या पतसंस्थेतल्या पोट्ट्यांच्या डोळ्यासमोर लालभडक डुकाटी उभी राहिली. माझ्या डोळ्यासमोर मात्र आमचा गुरांचा कोठा, कोठ्यात तुरीचं कुटार म्हणजे भुसा, आणि कुटाराखाली बाबांची लॅम्ब्रेटा स्कूटर, जिच्या पायदानावर आमच्या कोंबड्यांच्या किती पिढ्या अंड्यातून बाहेर आल्या त्याचा हिशोब आईजवळही नाही. फोटो दाखव म्हणाले. आता कुटाराचा फोटो काय दाखवावा, म्हणून म्हटलं थांबा बे, चालू करूनच आणतो. हे एक वाक्य मला अक्षय तृतीयेपासून पोळ्यापर्यंत पुरलं.

आमच्या गावात स्कूटर म्हणजे बजाज, मग ती कोणाचीही असो. बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर, रिटायर झाले तरी लाल पेन खिशातच, त्यामुळे कोणी "गुरुजीची बजाज" म्हटलं की त्याला थांबवून धडा सुरू. मिलान शहरात लांब्राते म्हणून एक भाग आहे, तिथं इनोचेंती नावाच्या माणसाचा लोखंडी पाइपांचा धंदा होता, महायुद्धानंतर त्यानं 1947 साली स्कूटर काढली, आणि माणूस पाइपवाला म्हणून गाडीचा सांगाडाही पाइपचाच. वेस्पावाले आधीचे विमानवाले, त्यांनी पत्रा वाकवून गाडी केली. त्यांचं इंजिन एका बाजूला लटकलेलं, आपलं मधोमध. एवढं ऐकेपर्यंत समोरच्याची बस निघून गेलेली असते. बाबाही 1947 चेच. दोघंही सकाळी धूर सोडल्याशिवाय सुरू होत नाहीत, असं आईचं निरीक्षण आहे.

आता खरं सांगायचं तर आमची लॅम्ब्रेटा मिलानहून थेट आमच्या यवतमाळकडच्या दारव्ह्याला आलेली नाही. ती मुंबईत जुळवलेली, म्हणजे खानदान इटलीचं पण पाळणा मुंबईत हलला. पुढे 1971 च्या सुमारास इटलीवाल्यांनी स्कूटरचं काम गुंडाळलं आणि आपल्या सरकारनं त्यांची मशिनरी उचलून लखनौला आणली, त्यातून विजय सुपर नावाची स्कूटर निघाली, ते वेगळं. पण जुनी मशिनरी दिसली की घरी आणायची ही खोड फक्त आमच्याच घराण्यात नाही याचा मला तेवढाच आधार वाटतो.

बाबांनी 1976 साली ती सेकंडहँड घेतली आणि तीस वर्षं शाळेत नेली. आपण शकुंतलेला हरवायचो असं ते अजूनही सांगतात. शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, 113 किलोमीटर, आणि तिचा वेग असा की लोक उतरून धुऱ्यावरची बोरं तोडून परत त्याच डब्यात चढायचे. तेव्हा हरवायचो यात फार काही नाही. पुढे ती बंद पडली, आणि त्याच्या आधीच, 2006 मध्ये मी नवी मोटरसायकल घेतल्यावर, ही पण. पावसाची दोन दिवस कोठ्यात ठेवून दे म्हणाले होते बाबा. ते दोन दिवस एकोणीस वर्षं चालले.

तर मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर, मी आणि गड्यानं मिळून कुटार उपसलं. आधी उंदीर निघाले, मग सापाची कात, मग आई ज्याला सात वर्षं शोधत होती तो विळा, आणि शेवटी हँडल. गाडी म्हणजे काय, तर सांगाडा, टाकी आणि इंजिन. सीट नाही, आरसा नाही, स्टेपनी नाही, डावं बॉनेट म्हणजे बाजूचा पत्रा नाही. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर केला.

दारव्ह्याहून मिस्त्री आणला, सत्तरीचे चाचा, लॅम्ब्रेटा खोलून जोडलेला त्या भागात उरलेला बहुतेक एकमेव माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खालचा पत्रा नखानं खरवडला तर नखाबरोबर पत्राही आला. बोट नाकाशी नेऊन म्हणाले, "भाऊ, किती ढोरं मुतली हिच्यावर?"

म्हटलं, चार-पाच असतील चाचा, पण सतत.

"मंग पाण्याचं नाव नका घेऊ. मुतानं खाल्लं हिले."

खरंच होतं. पाऊस एकवेळ परवडतो, पण गोमूत्रातला अमोनिया आणि क्षार, त्यावर वरून ओल धरून ठेवणारं कुटार, म्हणजे लोखंडाला रोज पोल्टीस बांधल्यासारखं. सायलेन्सरमध्ये तार घातली तर चार इंचांवर अडली. कुंभारमाशीनं आत मातीची घरं बांधली होती, एकाला एक लागून, आमच्या गावच्या घरकुलांपेक्षा मजबूत. टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या पेट्रोलची वार्निश झालेली, वास असा की गोठ्यातली बैलजोडी उठून उभी राहिली. पिस्टन जाम. चाचांनी प्लग काढून भोकातून डिझेल ओतलं आणि म्हणाले, आठ दिवस हात लावू नका, तवरक बाकीचे सामान गोळा करा.

बाकीचं सामान गोळा करणं ही खरी लढाई.

झालं असं होतं की गुरुजींना कोणाला नाही म्हणता येत नाही. एकोणीस वर्षांत ज्यानं जे मागितलं ते बाबांनी देऊन टाकलं होतं, "कोठ्यात पडलंच हाय, ने" म्हणून. आरसा सलूनमध्ये निघाला, कानाच्या मागचं दाखवायला. मी स्वतः दर महिन्याला त्याच आरशात माझी वाढती टक्कल पाहत होतो आणि मला पत्ता नाही. तो दिला त्यानं लगेच, फक्त म्हणाला, आता मागचं तुम्हाले दिसणार नाई तर तक्रार करायची नाई. स्टेपनी पाण्याच्या ड्रमच्या लोटगाडीला लागलेली, ती दुसरं चाक आणून दिल्यावर सुटली.

सीटचं प्रकरण अवघड गेलं. ती किराणा दुकानात गल्ल्यामागे विटांवर ठेवलेली होती, आणि काका तिच्यावर बारा वर्षं बसून धंदा करत होते. स्प्रिंगची सीट, इटालियन डिझाइन, काकांचं शरीर तिला आणि ती काकांच्या शरीराला पूर्ण सरावलेली. मी नवी प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेलो तर म्हणे याच्यानं मणका दुखते. मग फोमची उशी. मग उधारीचा विषय निघाला, जो माझ्या बाजूनं जरा कमजोर होता. शेवटी जुने चारशे साठ रुपये चुकते केले, खुर्ची दिली, उशी दिली, तेव्हा काका उठले. उठताना सीटनं असा सुस्कारा सोडला की दुकानातली गिऱ्हाइकं थांबून पाहायला लागली.

राहिलं डावं बॉनेट. ते बाहेर कुठंच नव्हतं, आमच्याच अंगणात होतं. उलटं ठेवलं की ते छान खोलगट होते, त्यात आईची बकरी सरकी-ढेप खात होती. मी रोज ऑफिसला जाताना तिच्याजवळून जात होतो. धुऊन पाहिलं तर आतल्या बाजूनं एक ठिपकाही गंज नाही, चाटून चाटून असं गुळगुळीत केलेलं की चाचा म्हणाले, पॉलिश पेपरनं पण असं होत नाई. अख्ख्या गाडीत नीट सांभाळलेला एवढा एकच भाग. बकरीला बदल्यात नवं प्लास्टिकचं घमेलं दिलं. तिनं ते शिंगानं लोटून दिलं आणि दोन दिवस ढेपेला तोंड लावलं नाही. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

टाकीचा गंज काढायला चिंचेचं पाणी आणि मूठभर गिट्टी टाकून हलवायचं असतं, तास न् तास. हलवून हलवून माझे खांदे गेले. मग गड्याला आयडिया सुचली, त्यानं टाकी शेणखताच्या बंडीला मागे बांधली. घर ते वावर दोन किलोमीटर, दिवसाच्या सहा खेपा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी आतून चांदीसारखी. गावच्या रस्त्याला मी आजवर फार नावं ठेवली, ती तेवढ्यापुरती मागे घेतो.

नवव्या दिवशी चाचा आले. गाडी वरच्या गिअरात टाकून मागचं चाक धरून पुढे-मागे, पुढे-मागे, एकदम जोर नाही, पाळणा हलवल्यासारखं. अर्धा तास काहीच नाही. मग आतून "कट्ट" असा बारीक आवाज आला आणि चाक वीतभर फिरलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. पुढचं मग ओळीनं सुरू झालं, क्लचच्या प्लेटा ओल्या पापडांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या त्या सुरीनं सोडवल्या, वाळून कडक झालेली ऑइल सीलं बदलली, उंदरांनी खाल्लेली वायरिंग नवी ओढली, पॉइंटचा गॅप चाचांनी बिडीच्या बंडलाच्या कागदानं मोजला. टायर मात्र सहज मिळाले, जुन्या चेतकला लागतात तेच 3.50 बाय 10. पण पंक्चरवाल्या पोट्ट्यानं जुनं चाक हातात घेऊन थेट रिमच्याच बोल्टांना पाना लावला, आणि चाचा असे ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. ही रिम दोन फाकांची असते, आत हवा असताना बोल्ट काढले तर अर्धी रिम थेट तोंडावर. पोट्टा म्हणे, एकोणीस वर्षांत हवा राह्यली असन का चाचा? चाचांनी वॉल्व्हची पिन दाबली. फुस्स. बारीकशी होती, पण होती. पोट्टा खालीच बसला.

रंगाचं सांगायचं राहिलं. मूळ रंग करड्यासारखा काहीतरी. गाडीचा रंग आणायला यवतमाळला जायचं होतं, पण तोवर पोळा आला आणि घरात बैलांच्या शिंगांसाठी आणलेला ऑइल पेंट होता, तर मुलानं मी ऑफिसात असताना पुढचा मडगार्ड रंगवून टाकला. मग बाकीचं पण त्याच रंगात करावं लागलं. आमच्या बैलजोडीची शिंगं आणि आमची इटालियन गाडी आता एकाच शेडमध्ये आहेत.

खर्च किती झाला हे बायकोनं रुपयात विचारलंच नाही. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 होता, त्या भावानं ती म्हणाली, "अहो, सात क्विंटल घातले तुम्ही हिच्यात." भंगारवाला तीन हजार देत होता हे पण तिनं लक्षात ठेवलेलं. वर मी तिला सांगून बसलो की 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, व्हीए वाला नंबर मिळते, नवीन नोंदणीची फी वीस हजार. त्यावरही ती गाडी रोज फिरवायची नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबांले पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाली, अन् हिले म्हातारी म्हणवून घ्याले वीस हजार?" मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारी, लिटरमागे चाळीस मिली टू-टी ऑइल घालून पेट्रोल भरलं आणि चाचांनी मला किक मारायला लावली. पहिल्या तीस किकांचं काही सांगत नाही. गल्लीतली पोट्टी मोठ्यानं मोजत होती, बेचाळीसपर्यंत त्यांना मजा आली, मग ती बैल पाहायला निघून गेली. एक्कावन्नाव्या किकेला सायलेन्सरमधून उरलेली मातीची दोन घरं गोळीसारखी उडाली, कोंबड्या पळाल्या, आणि निळा धूर सोडत गाडी बोलायला लागली. फट् फट् फट्, मध्येच एक गाळून. बाबा आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि एका जुन्या पेपरात गुंडाळलेली पट्टी घेऊन आले. लेगशील्डवरचं "लॅम्ब्रेटा" नाव. ते मात्र त्यांनी कोणाला दिलं नव्हतं. हातात ठेवलं आणि म्हणाले, "सरळ लाव. तिरपं लावलं तर लोक बजाज म्हणतीन."

ती लावून मी निघालो. तोरणाखाली बैल झुली घालून उभे, झडत्यांची गाणी सुरू, आणि त्या रांगेच्या शेवटी त्याच रंगाची आमची गाडी मी पण उभी केली. कोणीतरी ओरडलं, "गुरुजीचा बैल आला बे!", लगेच मागून हर बोला हर हर महादेव, आणि एका म्हाताऱ्यानं हेडलाइटला टिळाही लावून टाकला. छाती फुगली माझी, खोटं का बोलू. मारुतीच्या देवळाला वळसा घातला, नाल्याच्या पुलाकडे निघालो, दुसरा गिअर टाकला आणि डाव्या मुठीत काहीतरी तटकन तुटलं. गिअरच्या दोन केबल असतात, एक वर न्यायची, एक खाली आणायची. बाकी सगळं बदललं, ही एक अजून चालते म्हणून ठेवली होती. चाचा सणाला घरी गेलेले.

सव्वाशे किलोचं ते धूड ढकलत आणलं, वाटेत निदान नऊ जणांनी "बजाज बंद पडली का गुरुजीची?" विचारलं. अंगणात स्टँडवर लावली, घामानं निथळत होतो, पाणी प्यायला आत गेलो. बाहेर आलो तर बकरी गाडीच्या डाव्या बाजूला उभी. तिनं एकदा बॉनेट हुंगलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ताज्या रंगावरून जीभ फिरवायला सुरुवात केली.