'मीटर कमी तीच स्पोर्ट्स कार घ्या' : एका फॉरवर्डचा समाचार

माझी भाची सध्या सेकंडहँड स्पोर्ट्स कार शोधते आहे. कव्हर घालून ठेवायची आणि रविवारी काढायची अशी नव्हे, रोज कामावर न्यायची. तिला गाडी चालवायला मनापासून आवडतं, सोबत एखादंच माणूस असतं, डिक्कीत दोन बॅगा मावल्या की झालं. त्यामुळे मला त्यात वेडेपणा काही दिसत नाही. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग ती गाडी कॅन्सल करू का?" ती गाडी म्हणजे बरीच चाललेली, पण पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची कागदपत्रं जपलेली माझदा मिआटा, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. आम्ही दोघांनी ती नीट बघून पसंत केली होती. हा फॉरवर्ड याआधीही ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा सोडून दिला. आता तो वाचून घरातलीच मुलगी चांगली गाडी सोडायला निघाली आहे, म्हणून लिहितो आहे.

'रोजच्या स्पोर्ट्स कारचे सुवर्णनियम' असं त्याचं भारदस्त नाव. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही. त्यातले नियम थोडक्यात असे: मीटरवरचे किलोमीटर सर्वांत कमी असतील तीच गाडी घ्या, दहा वर्षांत दहा हजार किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे नवीच. हॉर्सपॉवर जितकी जास्त तितकी मजा जास्त. मोठी चाकं लावून खाली उतरवलेली गाडी रस्ता घट्ट धरते. ट्रॅकवर गेलेल्या गाडीला हात लावू नका. स्पोर्ट्स कार रोज वापरली की इंजिन संपतं. आणि विकत घेण्याची किंमत परवडली की गाडी परवडली.

बाकीच्या नियमांनी फार तर पैसे जातील. पहिल्या नियमाने जीव जाऊ शकतो, म्हणून त्याच्याकडे आधी बघू.

दहा वर्षांत दहा हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला हजार. म्हणजे ती गाडी आयुष्यातला बहुतेक काळ उभी होती. बंद घर राहत्या घराच्या आधी मोडकळीला येतं, गाडीचंही तेच होतं. रबर म्हातारं व्हायला चाक फिरावं लागत नाही, हवा, ऊन आणि उष्णता पुरते. टायरची नक्षी मात्र जशीच्या तशी राहते. विकणारा अंगठ्याने खाच दाखवतो आणि म्हणतो, टायर अजून नवेच आहेत. तो खोटं बोलत असतो असंही नाही, त्याला खरंच तसं वाटत असतं.

टायरचं वय टायरवरच छापलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर 'DOT' (डॉट) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3516 म्हणजे 2016 सालचा 35वा आठवडा. पूर्ण क्रमांक बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि नेमका आतल्या बाजूला येतो, त्यामुळे टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं. वाकायचं. मिशेलिनसारखी टायर बनवणारी कंपनीच सांगते की पाच वर्षं वापरल्यावर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि बनवल्याला दहा वर्षं झाली की दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाका. फॉरवर्डवाल्याची 'नवीच' गाडी तिच्या मूळ टायरवर असेल, तर ते टायर या हिशोबाने कचऱ्यात जायला हवेत.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर एक प्रकरण आठवून बघा. 30 नोव्हेंबर 2013 रोजी अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा मित्र कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेले. गाडी मित्र चालवत होता. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याचा तपास मार्च 2014 मध्ये जाहीर झाला. ताशी 45 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडीचा वेग 80 ते 93 मैल, म्हणजे साधारण 130 ते 150 किलोमीटर होता. कारण म्हणून वेगच नोंदवला गेला, आणि त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. पण त्याच तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली: टायर नऊ वर्षांचे होते, आणि त्यामुळे गाडीच्या ताब्यावर परिणाम झाला असण्याची शक्यता नोंदवली गेली. यांत्रिक बिघाड सापडला नाही. इतकी दुर्मीळ, इतकी जपलेली गाडी, आणि रस्त्याला टेकणारी जी एकच गोष्ट असते ती नऊ वर्षं जुनी. मीटरवरचा आकडा लहान असणं तिथे कोणाच्या काय कामी येणार होतं?

टायर निदान दिसतात तरी. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारा द्रव, दिसत नाही. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी उभी असतानासुद्धा. डॉट 4 दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शिरल्यावरची किमान मर्यादा 155 अंश आहे. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की पाणी शिरलेलं फ्लुइड उकळू शकतं, वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात, गाडी किती चालली ते न बघता. इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टचंही तसंच, वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल त्यावर तो बदलायचा. पोर्शे 944 मध्ये हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. फेरारी एफ355 मध्ये तर बेल्ट बदलायला आख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, त्यामुळे 'फारशी चाललीच नाही' म्हणून ते काम पुढे ढकललेल्या गाड्या सापडल्या तर नवल नको. विकायला काढताना त्यांचीच जाहिरात 'कमी चाललेली' म्हणून होते.

त्याशिवाय वाळलेले ऑइल सील, चिरलेले बुश, टाकीत शिळं झालेलं पेट्रोल, गंजलेल्या ब्रेक डिस्क, चिकटून बसलेली क्लच प्लेट, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग. पोर्शेच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये आणि त्याच काळातल्या 996 मालिकेच्या बहुतेक 911 मध्ये इंजिनाच्या आत आयएमएस नावाचं एक बेअरिंग आहे, ते फुटलं तर इंजिन जातं. त्या इंजिनांवर काम करणारे बरेच मेकॅनिक सांगतात की रोज, नीट गरम होईपर्यंत चाललेल्या गाड्यांपेक्षा उभ्या राहिलेल्या गाड्यांचं हे बेअरिंग जास्त त्रास देतं.

आणि मुळात मीटर खरा आहे हे कशावरून? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याचा अंदाज आहे की तिथे दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या चुकीचं मीटर दाखवून विकल्या जातात. डिजिटल मीटर मागे फिरवायला आता पाना-पकडही लागत नाही. 'मीटर कमी तीच घ्या' असं सगळ्यांनी म्हटलं की मीटर कमी करणाऱ्यांचा धंदा वाढतो, इतकं साधं हे गणित आहे. त्यापेक्षा पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आणि सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा.

एवढं मान्य: दोन गाड्या सारख्याच जपलेल्या असतील, कागदपत्रं सारखीच भरलेली असतील, तर कमी चाललेली घ्यावी. पण 'सारख्याच जपलेल्या' हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

आता हॉर्सपॉवर. ज्या मिआटावरून हा सगळा प्रकार सुरू झाला तिच्या पहिल्या पिढीचं, 1989 सालचं इंजिन 1.6 लिटरचं, ताकद जेमतेम 115 हॉर्सपॉवरच्या आसपास. वजन टनाच्या आत. एवढ्याशा ताकदीवर सुरू झालेल्या या गाडीच्या मालिकेने 2016 मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला, आणि दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक विक्रीचा गिनीज विक्रम तिच्याच नावावर आहे. इतके लोक काय कंटाळा विकत घेत होते? टोयोटाने 2012 मध्ये 86 आणली तेव्हा 200 हॉर्सपॉवरच्या त्या गाडीला मुद्दाम बेताच्या पकडीचे टायर दिले, त्याच जातीचे टायर टोयोटाच्याच पेट्रोल वाचवणाऱ्या प्रियसलाही मिळत. उद्देश असा की कमी वेगातही गाडी वळणावर बोलती व्हावी. पाचशे हॉर्सपॉवरची गाडी दुसऱ्या गिअरमध्येच बहुतेक रस्त्यांची वेगमर्यादा ओलांडते, मग उरलेले गिअर शोभेला. नुसत्या आकड्यावरून ताकद कुठे येते हेही कळत नाही. होंडा एस2000 चं दोन लिटरचं इंजिन 9000 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 9000 फेऱ्यांच्या आसपासपर्यंत ओरडतं आणि अप्रतिम आहे, पण त्याची खरी मजा 6000 च्या वर सुरू होते. गर्दीतून रोज तासभर सरकणाऱ्याला ती कधी मिळणार? मला स्वतःला ती गाडी फार आवडते, तरी रोजच्या गर्दीसाठी मी ती कुणाला सुचवणार नाही.

मोठी चाकं आणि खाली उतरवलेली गाडी यावर जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही. चाक जड झालं की सस्पेन्शनला ते आवरणं कठीण जातं. टायरची भिंत पातळ झाली की प्रत्येक खड्डा थेट रिमवर आणि तुमच्या कंबरेवर. ज्या इंजिनिअरांनी ती गाडी बनवली त्यांना स्प्रिंगची उंची कळत नव्हती आणि आधीच्या मालकाच्या मित्राला कळली, असं मानायचं असेल तर जरूर घ्या.

ट्रॅकवर गेलेली गाडी नको, हा मुद्दा अर्धा खरा आहे. पहिलीच स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने अशा गाडीपासून लांब राहिलेलं बरं, एवढं मी नाइलाजाने कबूल करतो. पण ट्रॅकवर जाणारा शहाणा माणूस ऑइल आणि ब्रेक फ्लुइड वेळेआधी बदलतो, आणि कधीच ट्रॅकवर न गेलेला गाढव थंड इंजिन रेडलाइनला, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला नेतो. ही भानगड ऐकीव माहितीवर सोडू नये. आधुनिक पोर्शेच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये तर ओव्हर-रेव्हची नोंदच राहते: मर्यादेच्या किती वर, आणि इंजिनाच्या किती तासांना. चुकून खालचा गिअर पडून इंजिन वेड्यासारखं फिरलं असेल तर ते तिथे दिसतं. बाकी गाड्यांसाठी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे इंजिन आत किती दाब धरतं ते मोजणं, आहेच. माझदा आरएक्स-8 चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं) असेल तर रोटरीसाठीचाच टेस्टर लागतो, साध्या गेजने केलेल्या तपासणीवर विसंबू नका.

त्या आरएक्स-8 वरून रोज वापरण्याचा मुद्दाही उरकून टाकतो. ते इंजिन थंड असतानाच सुरू करून लगेच बंद केलं की पेट्रोलने तुडुंब भरतं आणि पुन्हा सुरू व्हायला रुसतं. ऑइलही ते रचनेनेच थोडंथोडं जाळतं. म्हणजे जिचं ऑफिस दोन किलोमीटरवर आहे तिने ती घेऊ नये. पिस्टनच्या इंजिनालाही अर्धवट गरम होऊन बंद पडणाऱ्या छोट्या फेऱ्या मानवत नाहीत: ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साठत जातं, ते उडून जायला ऑइल नीट तापावं लागतं. पण हा दोष फार छोट्या अंतराचा आहे, रोज चालवण्याचा नाही. रोज अर्धा तास चालणारी गाडी महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालणाऱ्या गाडीपेक्षा सुखात असते. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं मात्र समजू नका, त्याला आणखी वेळ लागतो. तोवर पाय हलका ठेवा.

शेवटचा नियम वाचून हसावं की रडावं कळेना. वय वाढलं की गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. नवी असताना जी श्रीमंतांची गाडी होती तिच्या ब्रेक डिस्क आजही श्रीमंतांच्याच दराने मिळतात. बऱ्याच मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात, ते पुढे-मागे बदलून वापरता येत नाहीत, आणि मागची जोडी लवकर झिजते. विम्याचा आकडा गाडी ठरवण्याआधी विचारायचा असतो, नंतर नाही. ई46 मालिकेची बीएमडब्ल्यू एम3 भुलवणाऱ्या किमतीत दिसली, तर मागची सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट, जिथे बसते तिथला पत्रा चिरला आहे का ते गाडी लिफ्टवर चढवून बघून घ्या, कारण तो दुरुस्त करायचं काम गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकतं. विकणारा लिफ्टवर चढवायला तयार नसेल, तर त्या गाडीचं मीटर किती आहे हे बघायचीही गरज नाही.