आळस नव्हे, कॅरीबॅग

अमेरिकेतल्या काउंट्यांचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचं) रिसायकलिंग तोट्यात जातं कारण 'लोक कचरा वेगळा करायचा आळस करतात', हे काउंटीच्या बजेटवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. उलट लोक नको तेही भाबडेपणाने रिसायकलिंगच्या डब्यात टाकतात: बागेचा पाइप, दिव्यांच्या माळा आणि मुख्य म्हणजे कॅरीबॅग. वर्गीकरण केंद्रात पुठ्ठा वेगळा करणाऱ्या फिरत्या चकत्यांच्या दांड्यांना पिशव्या गुंडाळल्या जातात. मग लाइन थांबवून माणसं आत उतरतात आणि चाकूने ते भेंडोळं कापतात. तेवढा वेळ मजुरी चालू, माल बंद. त्यात हा माल विकत घेणाऱ्या चीनने २०१८ मध्ये त्यातल्या भेसळीची, म्हणजे नको त्या वस्तूंची, मर्यादा बहुतेक मालासाठी ०.५ टक्क्यावर आणली.

त्यामुळे बजेटच्या बैठकीत नुसता कंत्राटदाराचा टनामागचा दर विचारून भागत नाही. भेसळ मोजतो कोण, आणि नाकारलेला माल लँडफिलला (कचराभूमीवर) न्यायचा खर्च कुणाच्या माथी? मोजमाप कंत्राटदाराकडेच असेल तर कुंपणच शेत खाणार. आणि 'कृषी विस्तार कार्यालयाला (शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या) कात्री लावा' हा त्याच लेखातला सल्ला तर उफराटाच! १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यापासून तो खर्च संघराज्य सरकार, राज्य आणि काउंटी मिळून उचलतात; काउंटीने हात आखडला की बाकीच्यांच्या पैशावर चालणारं मनुष्यबळही हातचं जाऊ शकतं.