माझे उदाहरण मजुरांच्या माथी मारू नका

सोलापूरहून गेले काही महिने एकच युक्तिवाद वेगवेगळ्या तोंडून माझ्यापर्यंत पोहोचतो आहे आणि दर वेळी तो ऐकून माझे डोके फिरते. युक्तिवाद असा : "आमची पुतणी न्यूझीलंडमध्ये इंजिनिअर आहे, तरी तिने नुसत्या राहण्या-जेवणाच्या बदल्यात तिथल्या शेतावर लाकडे फोडली, कोंबड्यांची खुराडी साफ केली, आणि इकडे बाईला तीनशे, गड्याला पाचशे मोजायची तयारी असूनही ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, कारण फुकटच्या रेशनने मजूर आळशावला आहे." माझे काका हे म्हणतात, त्यांचे डाळिंबवाले मित्र म्हणतात, आणि मध्यंतरी घरच्या एका कार्यात कोणीतरी श्रमप्रतिष्ठेवर बोलताना माझाच दाखला दिल्याचे आईने मोठ्या कौतुकाने फोनवर सांगितले. माझे नाव ज्या वाक्यात घेतले जाते, त्याच वाक्यात आमच्या वैरागच्या रानात वर्षानुवर्षे खुरपायला येणाऱ्या बायकांना आळशी ठरवले जाते, हे मला सहन होत नाही, आणि म्हणून हे लिहिते आहे.

मी नेमके काय केले, ते आधी सांगते. नोकरीचा एक करार संपला होता आणि दुसरा सुरू व्हायला अवकाश होता. त्या मोकळ्या काळात मी टाकाका हिल हा डोंगर ओलांडून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या गोल्डन बे या किनारी भागात एका वयस्क जोडप्याच्या जागेवर राहिले. तिथे विजेची तार पोहोचलेली नाही. शेडच्या छपरावर सौर पॅनल, आत बॅटऱ्या, पावसाचे पाणी साठवणारी टाकी, आणि अंघोळीचे पाणी तापवायला लाकडाच्या शेगडीमागचा वेटबॅक, म्हणजे शेगडीच्या आचेवर पाणी तापवणारी टाकी, एवढ्यावर घर चालते. सकाळी उठल्यावर बॅटरीचा आकडा पाहायचा आणि तो पाहून आज वॉशिंग मशीन लावायचे की नाही ते ठरवायचे. रोज चार-पाच तास काम : गॉर्स नावाचे काटेरी झुडूप मुळासकट उपटणे, मॅक्रोकार्पा या सरळसोट झाडाचे ओंडके फोडून रचणे, वाफ्यांना कंपोस्ट घालणे. दहा वाजता स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी. राहायला एक लाकडी केबिन होती, आणि जेवण त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच ताटातले. दुपारनंतरचा वेळ माझा होता.

या प्रथेला नाव आहे, इतिहासही आहे. 1971 साली लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंना शहराबाहेर पडायचे होते, पण त्यांची स्वतःची शेती नव्हती. म्हणून त्यांनी ससेक्समधल्या एका शेतावर शनिवार-रविवारी मदतीला जाण्याची व्यवस्था लावली आणि त्यातून वूफ ही चळवळ जगभर पसरली. शहरातल्या पगारदार माणसाला माती हवीशी वाटली, म्हणून ती जन्माला आली. तिचे मूळ हौसेत आहे, आणि यात मला काही कमीपणा वाटत नाही. मी तिथे हौसेने गेले, मनापासून राबले, आणि संध्याकाळी दुखणाऱ्या खांद्यांनी जी झोप लागत असे, तशी झोप त्याआधीच्या कित्येक वर्षांत मला लागली नव्हती. पण माझ्या बँकेत शिल्लक होती, माझ्या व्हिसावर काम करण्याची परवानगी होती आणि माझी गाडी केबिनच्या दाराशी उभी होती. मालकीण एखाद्या दिवशी वेडेवाकडे बोलली असती, तर तासाभरात सामान भरून मी नेल्सन शहराचा रस्ता धरू शकले असते. काकांच्या युक्तिवादात ही गाडी कुठेच नाही.

शिवाय हा देश असल्या देवाणघेवाणीकडे भाबडेपणाने पाहत नाही, हेही सोलापूरच्या मंडळींना ठाऊक नसते. इथल्या इमिग्रेशनच्या नियमांत फुकट राहणे-जेवणे हा मोबदलाच धरला जातो, त्यामुळे पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला असे काम करता येत नाही. काही वर्षांपूर्वी क्राइस्टचर्चकडच्या एका शेत-व्यवसायाने अशाच 'स्वयंसेवकां'वर आपला धंदा चालवला होता. कामगार निरीक्षकांनी प्रकरण धसास लावले आणि ती माणसे स्वयंसेवक नसून कर्मचारी होती, असाच निर्णय झाला. इथे 2025 च्या एप्रिलपासून किमान वेतन तासाला 23.50 न्यूझीलंड डॉलर होते, म्हणजे एका तासाचे हजार रुपयांहून अधिक. ज्या कामातून मालकाला नफा होतो, त्या कामाला किमान वेतन द्यावे लागते. मोटुएकाच्या सफरचंदांच्या बागा कोणी भात-भाजीवर तोडून देत नाही. तिथे वानुआतू आणि सामोआसारख्या बेटांवरून हंगामापुरती माणसे आणली जातात, आणि त्यांच्या पगारातून खोलीचे भाडे कापले जाते, त्यावरून इथेही वाद झडतात. त्या मजुरांपैकी कोणालाही माझ्यासारखे हौसेने गॉर्स उपटताना मी पाहिलेले नाही.

आता माझ्या जिल्ह्याकडे पाहू. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात आघाडीवर आहे, याचा आम्हाला अभिमान. त्या कारखान्यांना ऊस पुरवणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दिवाळीच्या सुमारास येतो आणि हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहतो. मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर मी लहानपणापासून या कोप्या पाहत आले आहे. वाकवलेल्या बांबूंवर चटया आणि प्लास्टिकचा कागद, पुढे तीन दगडांची चूल, आत विजेचा दिवा नाही, संडास नाही, पाणी दूरवरून हंड्याने आणायचे, आणि पहाटेच्या अंधारात मोळ्या वाहताना तान्हे मूल बैलगाडीखाली झोळीत. विजेच्या तारेपासून तुटलेले असे जगणे माझ्या केबिनपेक्षा कितीतरी कठीण आहे, आणि तरी त्याचे फोटो कोणी श्रमप्रतिष्ठेचे उदाहरण म्हणून एकमेकांना दाखवत नाही. उचल फिटेपर्यंत त्या जोडीला निघून जाता येत नाही. 1976 साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. 1982 साली दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशांत माणूस राबतो तेव्हा गरिबीच त्याच्यावर सक्ती करत असते आणि राज्यघटनेच्या दृष्टीने ती सक्तीची मजुरीच आहे. परदेशी स्वयंसेवकाचा दाखला देणाऱ्यांनी आधी आपल्या देशाचा हा निकाल वाचावा.

रेशनबद्दल तर मला फार बोलायचेही नाही. अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि 2023 पासून ते मोफत आहे. पाच किलोत महिना निघत नाही. तेल, डाळ, मुलांची पुस्तके, दवाखाना हे त्यात येत नाही. धान्याने मिळते ती एवढीच सवड की, उद्या सकाळी चूल पेटावी म्हणून कोणाच्याही दारात कोणत्याही दराने उभे राहावे लागत नाही. ज्या बायका काकांकडे येत नाहीत त्या घरी झोपलेल्या नसतात. कोणी सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जाते, कोणी घरी विड्या वळते, कोणी मुलापाठोपाठ पुण्याला गेलेली असते. जिथे चार पैसे जास्त आणि उन्हाचा तडाखा कमी, तिथे माणूस जाणारच. मीही तेवढ्यासाठीच सोलापूर सोडले, आणि मला मात्र सगळे कर्तबगार म्हणतात.

"मग सिद्धरामेश्वरांनी श्रमातूनच तलाव उभा केला ना?" असे काका विचारतात. केला. बाराव्या शतकात सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून खोदलेला तो तलाव आजही गावाच्या मध्यभागी आहे, आणि गड्ड्याच्या यात्रेत त्याच्या काठावरून फिरताना मला आजही भरून येईल. पण ते पाणी कोणा एकाच्या विहिरीत गेले नाही. आपल्या भागात इर्जिक होती, सावड होती. आज माझ्या रानात तू ये, उद्या तुझ्या रानात मी येईन, आणि ज्याचे रान त्याच्या घरचे पोटभर जेवण. त्यात दोन्हीकडे रान होते. ज्याच्याकडे रानच नाही, त्याच्या घरी उद्या कोण कोणती फेड करायला जाणार, या प्रश्नाला इर्जिकीकडे उत्तर नव्हते, आणि 1972 च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगलेल्या लोकांसाठी शेवटी रोजगार हमीचा कायदाच करावा लागला. श्रमाला प्रतिष्ठा मिळाली ती मजुरी ठरली तेव्हा.

इतके ठामपणे लिहिल्यावर एक गोष्ट मला लपवता येत नाही. गोल्डन बेला संडास कोरडा होता. बसल्यावर वरून भुसा टाकायचा, आणि बादली भरली की गमबूट घालून ती टेकाडामागच्या कंपोस्टच्या हौदात रिकामी करायची. हे काम पाळीने होते. माझी पाळी आली तेव्हा मी ती बादली उचलली आणि मला काहीही वाटले नाही. आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "हे इथे कोणाला बोलू नकोस." लाकडे फोडलेली पुतणी काकांना अभिमानाने मिरवता येते, बादली उचललेली मिरवता येत नाही. आपल्याकडे हे काम कोणत्या घरात जन्मलेल्या माणसाने करायचे ते ठरलेले होते, आणि हाताने मैला उचलायला लावणे बंद करण्यासाठी 1993 मध्ये एक आणि 2013 मध्ये दुसरा कायदा करावा लागला. त्या डोंगरापलीकडे मी कोणाची मुलगी, कोणत्या आडनावाची, हे कोणाला माहीत नव्हते; म्हणून माझे हात मोकळे होते. वैरागच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे माझे नाव लागले आहे, आणि त्या जमिनीत मी हुरडा खाण्यापलीकडे काही केलेले नाही. जिथे मी राबले, तिथल्या मातीत माझे काही नाही. परकेपणाने दिलेली ही मोकळीक मला प्रिय आहे आणि तिची किंमतही मला ठाऊक आहे : इथे मला कोणी कशासाठी अडवत नाही, आणि कोणी माझी वाटही पाहत नाही.

माझ्या चुलत भावाने आता त्याच कोरडवाहू सहा एकरांत सौर विजेवर चालणारे घर बांधून पुण्या-मुंबईच्या तरुणांना राहण्या-जेवणाच्या बदल्यात बोलवायचे ठरवले आहे, आणि पाहुणे मिळवून देण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. मी त्याला विरोध केलेला नाही. बांध घालावेत, झाडे लावावीत, स्वयंपाक शिकावा, शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन चार दिवस राहावे. आपल्या साडेपाचशे मिलिमीटर पावसात पाणी कसे राखतात ते शहरातल्या मुलांनी जरूर पाहावे. पण ज्वारीची काढणी आणि डाळिंबाची तोडणी त्यांच्याकडून करून घ्यायची नाही, ते काम गावातल्या बायकांचे; आणि त्यांची मजुरी रोजगार हमीच्या दरापेक्षा, जो महाराष्ट्रात 2025-26 साठी 312 रुपये होता, निदान शंभराने जास्त हवी, असे मी त्याला लिहून कळवले. ही अट त्याने लगेच मान्य केली. दुसरी अट होती की, कोरडा संडास ठेवायचा तर बादलीची पाळी लावायची आणि यादीत पहिले नाव त्याचे स्वतःचे. त्यावर तो म्हणाला की, काका हयात आहेत तोवर हे आपल्या रानात होणार नाही, त्यासाठी बाहेरून कोणालातरी लावावे लागेल. मी त्याला सांगितले की मग सेप्टिक टँक बांध, मी निम्मे पैसे देते. त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही, कारण काकांच्या देखत, सोलापूरच्या त्याच हवेत, मला ती बादली उचलता आली असती असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.