विहिरीतले पोहणे आणि तलावातला दम

नवशिक्याने दररोज न थांबता अधिकाधिक अंतर पोहावे, हा पोहण्यातला दम वाढवण्याविषयीच्या एका लेखातील सल्ला मला अर्धाच पटतो. आमच्या जळगावकडील अनेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले. तेथे चार हात मारले की काठ येतो, त्यामुळे डोके वर ठेवण्याची सवय जडते आणि २५ मीटरच्या तलावात पाय खाली जाऊन दम लगेच संपतो. माझेही तेच झाले. तोंड पाण्यात असतानाच श्वास संथपणे सोडायचा आणि मान न उचलता अंग कुशीवर वळवून तो घ्यायचा, एवढे जमल्यावर मी ८ फेऱ्या, प्रत्येकीनंतर ३० सेकंद थांबून, सुरू केल्या. पुढे अंतर तेच ठेवून केवळ विश्रांती कमी करत गेलो. वेग मात्र मुद्दाम कमी ठेवावा लागतो.