गार्ड काढून ठेवू नका

टेबल सॉ म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत. बोट लागताच थांबणाऱ्या अशा करवतीवरचा लेख वाचला. आमचं खानापूरला सुतारकामाचं वर्कशॉप आहे. बाबांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नाही. गाठीचं सागवान कापताना चिरलेली फट मिटली, फळी उसळून अंगावर आली आणि हात पात्याकडे ओढला गेला. डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं सगळं.

म्हणून अमेरिकन संशोधक स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये शोधलेली युक्ती मला फार मोलाची वाटते. पात्यात बारीकसा विद्युत संकेत सोडलेला असतो. कातडी लागली की तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं. बोटावर नुसता ओरखडा! पण आमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, आणि फार ओल्या लाकडानेही तो ब्रेक सुटू शकतो. मग ब्रेकची कार्ट्रिज, म्हणजे तो ठोकळा असलेला सुटा भाग, बदला, बहुतेक वेळा पातंही. छोट्या सुताराला हे कसं परवडायचं?

इकडे तर बरेच जण फरशी कापायचं हातातलं मशीन, म्हणजे मार्बल कटर, उलटा करून फळीखाली बसवतात, त्याला गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, कुठलं? पात्यामागे फट उघडी धरणारी पट्टी एवढी तरी लावा हो. आमच्याकडे आता ती आहे, आणि फळी ढकलायची काठी बाबांनी स्विचच्या खिळ्यालाच टांगलीय. ती हातात घेतल्याशिवाय कुणालाच मशीन चालू करू देत नाहीत.