तीस लाइफ आणि अर्धी दाढी

रविवारी सकाळी सांगलीत हरभट रोडवरच्या एका सलूनमध्ये मला उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर फेस अशा अवस्थेत बसवून ठेवण्यात आलं. वीज गेली नव्हती, ब्लेडही संपलं नव्हतं. ‘आजवरचा सगळ्यात भारी व्हिडिओ गेम कोणता’ या विषयावर सलूनवाल्याचं भाषण चालू होतं आणि ते दोन्ही हातांशिवाय होत नव्हतं. त्यातल्या एका हातात वस्तरा असल्यामुळे मी हरकत घेऊ शकत नव्हतो.

विषय काढला बाकावरच्या कॉलेजच्या पोरानं. ‘रेड डेड रिडम्प्शन टू’, त्याच्यापुढं कायच नाही, म्हणे. मी फेसाआडून ‘कॉन्ट्रा’ एवढंच म्हणालो. मोबाइलमधून मान वर न काढता पोरगं म्हणालं, ‘‘काका, ते टीव्हीला लावायचं खेळणं होतं, तेच काय?’’

काका! चार वर्षांनी लहान दिसावं म्हणून तर माणूस दाढीला पैसे मोजतो.

तेवढ्यात सलूनवाल्यानं वस्तरा वर केला. ‘‘व्हाइस सिटी! रिमोटच्या हेलिकॉप्टरची मिशन ज्यानं काढली त्यानंच बोलावं. बाकीच्यांनी गप दाढी करून घ्यावी.’’ हे ‘बाकीचे’ म्हणजे त्या घडीला मी एकटाच होतो. २००३ साली हा गेम पीसीवर आला आणि कित्येकांचं पुढं जाणं त्या एका मिशननं अडवलं, हे मात्र खरं आहे. बांधकाम चालू असलेली इमारत. आपण बाहेर व्हॅनमध्ये, आत खेळण्यातलं हेलिकॉप्टर. एका वेळी एकच बॉम्ब उचलायचा, असे चार बॉम्ब चार ठिकाणी नेऊन टाकायचे. वर घड्याळ पळतंय, जिना अरुंद, आणि कामगार हातात सापडेल ते घेऊन हेलिकॉप्टरला हाणतायत. सलूनवाल्याची युक्ती अगदी बरोबर होती : पहिला बॉम्ब उचलल्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही. म्हणून आधी मोकळं हेलिकॉप्टर आत न्यायचं, पंख्यानं सगळे कामगार आणि पहारेकरी आडवे करायचे, जिन्याची वळणं पाठ करायची आणि मगच बॉम्बला हात लावायचा. एवढी माहिती तोंडी देता आली असती. त्यानं ती वस्तऱ्यानं दिली. जिन्याचं दुसरं वळण माझ्या कानापासून बोटभर अंतरावर झालं.

बाकाच्या टोकाला पेपर धरून आप्पा बसले होते. पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेलं, आता निवृत्त. त्यांनी पेपरची घडी घातली आणि इथून पुढं त्या सलूनमध्ये दाढी हा विषय राहिला नाही.

‘‘ती इमारत पाडून मिळतं काय?’’

‘‘पैसे की आप्पा. पैशातनं मालमत्ता घ्यायची. मलिबू क्लब आहे, १ लाख २० हजाराला.’’

‘‘उत्पन्न?’’

‘‘त्या क्लबच्या मिशन पुऱ्या केल्या की दिवसाला १० हजारापर्यंत.’’

‘‘आपोआप खात्यावर जमा होतात?’’

‘‘न्हाई. दारात जाऊन घ्यायला लागतात. नाही गेलं तर १० हजाराच्या वर साठत नाहीत.’’

आप्पांनी डोळे मिटले. ‘‘बारा दिवसांत मुद्दल वसूल. तिथला एक दिवस म्हणजे आपला किती?’’

‘‘चोवीस मिनिटं.’’

‘‘म्हणजे पाच तासांच्या आत भांडवल सुटलं.’’ डोळे उघडले. ‘‘धंदा बेकायदेशीर आहे.’’

‘‘आहेच की! आख्खा गेमच त्याचा आहे.’’

‘‘मग पोलीस?’’

‘‘मागं लागले की गाडी रंगवून घ्यायची, शंभर डॉलरमध्ये. रंग बदलला की सोडून देतात. फक्त लगेच दुसरा गुन्हा करायचा नाही, न्हाईतर जुनं सगळं परत उघडतं.’’

आप्पा यावर काही बोलले नाहीत. ओळखीचं काहीतरी आठवलं असावं.

मग त्यांनी पोराकडं मोर्चा वळवला. पोरानं ‘रेड डेड’मधल्या घोड्याचं कौतुक सांगितलं : त्याला चारा घालावा लागतो, खरारा करावा लागतो, आणि वेळेवर औषध दिलं नाही तर तो कायमचा मरतो. ‘‘घोड्याला खरारा करतोस,’’ आप्पा म्हणाले, ‘‘वडलांची गाडी कधी पुसलीस काय?’’ पोरगं कानापर्यंत लाल झालं. मला साबणाखाली जरा बरं वाटलं. पुढं असंही निघालं की पोरानं तो गेम खेळलेलाच नाही, यूट्यूबवर शेवटपर्यंत बघितलाय. कारण पीसीवर त्याला १५० जीबी जागा लागते आणि पोराच्या लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड बेताचं. यावर आप्पांनी एकच शेरा मारला : ‘‘म्हणजे वरातीत नाचला, पण लग्न दुसऱ्याचं.’’

शेवटी पाळी माझी आली. माझी म्हणजे कॉन्ट्राची. मी सांगितलं की १९८८ साली घरगुती मशीनवर आलेला हा गेम दोघांनी मिळून खेळायचा असतो, एक गोळी लागली की खेळाडू गेला, आणि म्हणून तीस लाइफ घेऊन खेळतात.

‘‘मूळ मंजूर किती?’’

‘‘तीन.’’

‘‘मग वरच्या सत्तावीस कुणी दिल्या?’’

‘‘वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. हे दाबलं की मिळतात.’’

‘‘कसं दाबतात ते नाही विचारलं. मंजुरी कुणाची?’’

आता हे खरोखर सांगण्यासारखं आहे. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा अंतराळयानाचा गेम घरगुती मशीनसाठी तयार करत होते. तपासायला तो शेवटपर्यंत खेळावा लागायचा आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी हा कोड आत घातला, आणि तो तसाच बाजारात गेला. पुढं कंपनीच्या कितीतरी गेममध्ये तो आला. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. त्यांनी केलेल्या गेमपेक्षा हा कोडच लोकांच्या तोंडी जास्त आहे.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे कर्मचाऱ्यानं स्वतःच्या सोयीसाठी केलेली नोंद. खोडायची राहून गेली.’’

‘‘हो.’’

‘‘आणि पुढच्या वर्षांत तीच नोंद पुढं ओढत नेली.’’

‘‘तसंच.’’

‘‘असल्या नोंदींवर मी माणसं घरी बसवलीत.’’

‘‘अहो आप्पा, पण खेळ...’’

‘‘शेवटी काय मिळतं?’’

आठ स्टेज संपल्यावर बेट स्फोटात उडतं, हेलिकॉप्टर निघून जातं, नावं येतात आणि पुन्हा पहिली स्टेज सुरू होते. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. सांगायला नको होतं, असं नाही, पण तोंडात साबण जात असताना माणूस फार सजवून सांगू शकत नाही.

‘‘एवढं सगळं करून परत पहिल्यापासून?’’

‘‘हो.’’

‘‘पगार?’’

‘‘नाही.’’

‘‘पुढं चला,’’ आप्पा म्हणाले.

पुढचा होता आमच्यानंतरचा नंबर लावून बसलेला, मोबाइल दुरुस्तीवाला. त्यानं ‘काउंटर स्ट्राइक १.६’चं नाव घेतलं (दोन संघांची चकमक, एकानं बॉम्ब लावायचा, दुसऱ्यानं तो निकामी करायचा) आणि तिथंच माझा निकाल लागला. कारण त्या गेममध्ये गोळ्यांच्या आधी जमाखर्च येतो. सुरुवातीला प्रत्येकाला ८०० डॉलर. एके-४७ बंदुकीला २५००, एम-४ ला ३१००, लांब पल्ल्याच्या एडब्ल्यूपीला ४७५०. एक शत्रू टिपला की ३००. खिशात १६ हजारांच्या वर ठेवता येत नाही. आणि हरणाऱ्या संघालाही पैसे मिळतात : १४००, सलग पुन्हा हरला की १९००, असे पाचशे-पाचशेनं वाढत ३४०० पर्यंत.

‘‘हरणाऱ्याला अनुदान?’’ आप्पा पुढं सरकले.

‘‘न्हाईतर त्यो परत उठणारच न्हाई की. आणि पैसे कमी असले तर आम्ही एक राउंड मुद्दाम काही घेत नाही. नुसत्या पिस्तुलावर काढतो. पुढच्या राउंडला सगळे मिळून मोठी बंदूक घेतो.’’

‘‘म्हणजे खर्चकपात. आणि बॉम्ब निकामी करायचा सांगत होतास, त्याला काय लागतं?’’

‘‘हातानं दहा सेकंद. किट असलं तर पाच. किट २०० चं.’’

‘‘मग सगळेच घेत असतील.’’

‘‘कोणच घेत न्हाई. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं घेतलं असंल.’’

आप्पांनी मान डोलावली. सहकार क्षेत्रात हयात गेलेल्या माणसाला हे जास्त समजवावं लागत नाही. ‘‘हा गेम चांगला आहे,’’ त्यांनी जाहीर केलं. सलूनवाल्यानं आपला व्हाइस सिटी तिथल्या तिथं मागं घेतला, कारण आप्पा महिन्याचं गिऱ्हाईक. पोरगं तटस्थ राहिलं. कॉन्ट्राला एकही मत पडलं नाही आणि माझ्या गालावरचा फेस वाळून त्याची पापडी धरली होती. नवा फेस लावताना सलूनवाला म्हणाला, ‘‘सर, तुमचा पण बरा होता.’’

बरा!

आवडत्या गेमची बाजू घेणाऱ्यांची मला खरं तर चीड नाही. चीड आहे ती न खेळता बाजू घेणाऱ्यांची. यूट्यूबवाले तर आहेतच. दुसरे एम्युलेटरवाले, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरनं चालवणारे : दर चार पावलांना सेव्ह करायचं, मेलं की मागं यायचं, आणि वर ‘सोपाय की’ म्हणायचं. तिसरे यादीवाले. ते ‘झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ला, १९९८ सालच्या गेमला, समीक्षकांचे गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिकवर ९९ गुण आहेत एवढं सांगून वाद संपवतात. असतील. गेम थोरच आहे. पण आपल्याकडं जी मशीन आली ती निन्टेंडोच्या फॅमिकॉम मशीनची नक्कल, साठ पिनांच्या पिवळ्या कार्ट्रिजची, आणि त्या कार्ट्रिजवर छापलेलं ‘९९९९ इन १’. यादी खाली खाली नेली की कळायचं, तेच दहा-वीस गेम वेगळ्या नावांनी परत परत येतायत. कुठं दुसऱ्या स्टेजपासून सुरू, कुठं बंदूक आधीच हातात. आप्पांनी ते कार्ट्रिज तपासलं असतं तर जप्तीच आणली असती.

आणि ती फुंकर! कार्ट्रिज चालेना की जो तो फुंकर मारायचा, अजूनही मारतात. फुंकरीनं काही होत नाही. कार्ट्रिज काढून परत बसवल्यामुळे पिना नीट टेकतात, म्हणून चालतं. उलट तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. ॲडॉप्टर बदलताना नुसते व्होल्ट बघू नका, पिनेच्या आतली बाजू प्लस की मायनस तेही बघा. उलटं लावलं तर मशीन जळू शकतं. बदकं मारायची बंदूक मात्र नव्या सपाट टीव्हीवर चालणार नाही, कितीही फुंका. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि तो उजेड बंदुकीनं ठरल्या क्षणी टिपायचा असतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर तो क्षण चुकत नव्हता. नव्या टीव्हीवर चित्र उशिरा येतं, बदक उडून जातं.

त्या १५० जीबीबद्दलही एकदा बोललं पाहिजे. पहिला ‘सुपर मारिओ’, ३२ लेव्हलसह, ४० किलोबाइटमध्ये मावतो. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच चित्राची काढलीत, फक्त रंग वेगळा. पोराच्या घोड्याच्या जागेत असे ३५ लाखांहून जास्त मारिओ बसतील. बरं, एवढी जागा देऊनही गेम आपला होतो असं नाही. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये लोकांनी पैसे देऊन घेतला. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि गेमही संपला. डिस्क कपाटात आहे, शहरं नाहीत. पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंदी घातली, ३० ऑक्टोबरला इथले सर्व्हरही बंद झाले, आणि पोरांच्या बंदुका, कपडे, सगळं अडकलं. सर्व्हरवरच्या गेमची बाजू लोक आजही त्वेषानं घेतात, आणि मी साठ पिनांचं नाव काढलं की मी ‘बरा’.

कॉन्ट्रा का, ते आता दाढी झाल्यावर निवांत सांगतो. दोघांनी खेळायचा तर ए नंतर आधी सिलेक्ट दाबायचं, मग स्टार्ट. सिलेक्ट विसरलं की तीस लाइफ घेऊन जंगलात एकटाच उभा. कोड पहिल्या पॅडवरूनच मारायचा, कारण फॅमिकॉमच्या दुसऱ्या पॅडला स्टार्ट-सिलेक्ट नसतं. बंदूक एस अक्षराचीच घ्यायची, एका दाबाला पाच गोळ्या फाकतात. एल चुकूनही घेऊ नये. लेझर दिसायला झोकदार, पण घाईत बटण परत दाबलं की आधी सुटलेली रेघ तिथंच विझते. आपण मेलो की बंदूक जाते, म्हणून एस दिसला की दोघंही झेपावतात आणि मैत्रीची पहिली परीक्षा तिथं होते.

दुसरी परीक्षा तिसऱ्या स्टेजला, धबधब्यावर. तिथं वर चढायचं असतं. वरचा गडी चढेल तसा पडदा वर सरकतो, आणि खालचा पडद्याखाली गेला की मेला. शत्रूनं बोटही लावलेलं नसतं. वरच्याला घाई असते, खालच्याचा कठडा पडद्याबाहेर जातो, आणि मागं वळून तो म्हणतो, ‘‘अरे ये की लवकर.’’ लाइफ जाते खालच्याची. ती वरच्याच्या नावावर टाकायची सोय कोनामीनं ठेवलेली नाही.